अक्षतांच्या फाइलमधले इलेक्ट्रॉन

सर, तुम्ही कॉलेजात शिकवलेलं निम्मं मी विसरले, पण बीडच्या त्या लग्नाच्या कॅसेटींच्या दुकानात येऊन मला झापलंत, ते काही केल्या विसरत नाही. बी.एस्सी. होऊन मी तिथं मिक्सिंगच्या कामाला लागले होते. गावात नुकतीच केबल आलेली, आणि टीव्हीवर दिसेल ते सगळं लोकांना आपल्या लग्नाच्या कॅसेटमध्ये हवं असायचं. म्हणून चाचांनी, म्हणजे आमच्या मालकांनी, हौसेनं कॉम्प्युटर आणला आणि त्यात अ‍ॅनिमेशनचं सॉफ्टवेअर घातलं. नवरा-नवरीच्या नावांवर वरून अक्षता पाडायच्या, हे माझं काम. तुम्ही पुतणीची कॅसेट न्यायला आलात आणि पडद्याकडं बघतच राहिलात. "हे दाणे कोण पाडतंय गं?" "कॉम्प्युटर, सर." "मग ह्याच्यात इलेक्ट्रॉन सोडता येतील का?"

तुमच्या निवृत्तीला दोन महिने उरले होते. फोटॉनमधून इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी निघते, चुंबकीय क्षेत्रात दोघं उलट्या दिशांना वळतात, ऊर्जा घटेल तसं त्यांचं वेटोळं लहान होत जातं, हे तुम्ही जन्मभर फळ्यावर खडूनं काढलंत. शेवटच्या तासाला पोरांना ते एकदा हलताना दाखवायचं, एवढीच तुमची इच्छा. मी म्हटलं, त्यात काय, आठ दिवसांत देते. फुशारकी सगळी!

आठ दिवसांनी तुम्ही स्टुलावर येऊन बसलात. मी ऐटीत बटण दाबलं. जोडी निघाली, छान वळली, आणि मग दोन्ही कण टपटप खाली येऊन पडद्याच्या तळाशी पडले. मी अक्षतांचीच फाइल वापरली होती, तिच्यातलं गुरुत्वाकर्षण काढायचं राहिलं होतं. चाचा म्हणाले, "वा, लई झकास!" तुम्ही मात्र उठलात. "इलेक्ट्रॉन काय नवरदेवाच्या डोक्यावर टाकायचेत का? आन् हे वळण कशावरून काढलंस?" "अंदाजानं, सर. बरं दिसतंय." "अंदाजानं काहून? सूत्र शिकवलतं न्हवं तुला?" लाज वाटली, आणि लाजेपेक्षा जास्त राग आला. तुमचा नाही, माझाच.

मग मी हट्टालाच पेटले. रोज सकाळी चाचांच्या आधी दुकान उघडायचं, कॅलक्युलेटरवर एकेका क्षणाचा वेग, त्रिज्या, जागा काढायची, वहीत लिहायची आणि मग कॉम्प्युटरला भरवायची. एका सेकंदाला पंचवीस चित्रं. मधेच वीज गेली की केलेलं सगळं पाण्यात. इलेक्ट्रॉनचंच चित्र उलटं करून भागवू नये म्हणून पॉझिट्रॉनची ऊर्जा तुम्ही मुद्दाम वेगळी दिली होतीत. मला पुरतं ओळखून होतात! आई म्हणायची, "ह्या कणांनी पोट भरतंय का, बाई?" नव्हतं भरत. पण मी सोडणार नव्हते.

तो तास अजून दिसतो मला. टेबलावर टीव्ही आहे, तुम्ही हातात पट्टी घेऊन उभे आहात, मी शेवटच्या बाकावर. इलेक्ट्रॉन एकीकडं फिरत जातो, पॉझिट्रॉन दुसरीकडं. तुम्ही कॅसेट थांबवायला लावता आणि पॉझिट्रॉनच्या वेटोळ्याच्या अगदी टोकाशी पट्टी टेकवता. "बघा रे पोरांनो. एक बी टिपका अंदाजानं टाकलेला न्हाई. ही पोरगी आपली हाय." मी मान खाली घालते, आणि सगळ्यांना वाटतं, लाजली.

आता पुण्यात मी हेच काम करते, शास्त्रज्ञांसाठी कणांच्या टकरी पडद्यावर उभ्या करते. हाताखालची पोरं म्हणतात, मॅडम फार छळतात, एक ठिपका फुकट सोडत नाहीत. नाहीच सोडत, आणि सोडणारही नाही. कशामुळं, ते त्यांना ठाऊक नाही. तुमच्या हयातीत आष्टीला तुमच्या घरी दोनदा सांगायला आले होते. दोन्ही वेळा चहा पिऊन परतले.

सर, इलेक्ट्रॉनचा ठिपका न् ठिपका खरा होता. पॉझिट्रॉनचं गणित अर्ध्यावर आलं होतं आणि तुमचा तास दुसऱ्या दिवशी होता. पुढचं वेटोळं मी नुसत्या नजरेनं ओढलं. तुम्ही पट्टी टेकवलीत, ती तिथंच.