लाल गाडी वरातीला

बरकतपुरा, हैदराबाद

प्रिय त्रिवेणी,

राणीच्या लग्नाची पत्रिका पोचली. हळदीकुंकवाची बोटं लावलेली, नातीच्या नावाला सोनेरी वेलबुट्टी, सगळं तुझ्या हौसेला शोभेल असं. चष्मा पुसून पुन्हा वाचली आणि देवापुढे ठेवली. आतली तुझी चिठ्ठीही वाचली. राणीला भाऊ नाही, तेव्हा नवरदेवाचा कान पिळायचा मान माझ्या ओमकारने घ्यावा, आणि वरातीला त्याचीच लाल गाडी असावी, त्यानेच चालवावी, असं तू लिहिलंस. त्याचं उत्तर देते. पण तुला माझं ठाऊक आहे, मी सरळ वाटेने कधी गेलेच नाही. शाळेतून घरी येतानासुद्धा तुला चिंचेखालून फिरवून आणायची. चौथीत माझी शाळा सुटली, तू मॅट्रिक झालीस, म्हणून अक्षराला हसू नकोस.

आधी माझ्या नातवाचं कौतुक ऐक. तुला वाटतं तो गॅरेजात काम करतो. तसं नाही ग. मोठमोठे लोक शर्यतीच्या धाटणीच्या जुन्या गाड्या विकत घेतात, ते घेण्याआधी ओमकारला बोलावतात. तो दोन गाड्या शेजारी उभ्या करतो, शहराबाहेर एक बंद धावपट्टी भाड्याने मिळते तिथे नेऊन पळवतो, आणि कुठली घ्यावी ते सांगतो. आपण दोन वांगी दोन हातांत घेऊन बघतो ना, तसं. आणि मला दर रविवारी सोबत नेतो. या वयात, गुडघे असे, आणि मी त्या बुटक्या गाडीत शिरते. शिरताना दोघांनी धरावं लागतं, निघताना तिघांनी. पण एकदा बसले की मी महाराणी.

खरी मेख टर्बोत असते. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, तो वाया न घालवता त्याच्या जोरावर एक पंखा फिरवायचा, आणि त्या पंख्याने इंजिनात जादा हवा कोंबायची. मग गाडीला ताकद येते. पण पंखा मोठा असला की गरगरायला वेळ घेतो. पाय दाबला तरी गाडी क्षणभर नुसती विचार करत बसते. त्या वेळाला ही पोरं लॅग म्हणतात. ओमकारकडे ते मोजायचं यंत्र आहे, त्यावर रेघा उमटतात, पण गिऱ्हाइकांना रेघा कळत नाहीत. ते काम माझ्या ताकाने केलं.

पहिल्या रविवारी ऊन फार म्हणून मी स्टीलच्या पेल्यात ताक घेऊन बसले होते. गाडी होती ओमकारची स्वतःची, लालवाली, जुनी घेऊन त्याने हाताने नीट केलेली. मागे दोन नावापुरत्या सीटा, तिथे तुझी राणी गुडघे पोटाशी घेऊन मोबाइलवर चित्रण करत होती. हिमायतनगरच्या हापिसाला सुट्टी, म्हणून हौसेने यायची. ओमकारने पाय दाबला. ताक जागचं हललं नाही. मी म्हटलं, अरे बिघडली का काय तुझी गाडी. वाक्य पुरं व्हायच्या आत पाठीत कुणीतरी दोन्ही हातांनी ढकलल्यासारखं झालं आणि अख्खा पेला माझ्या पदरात. राणी इतकी हसली की डोळ्यांतून पाणी. म्हणाली, ओमकार, फेक ती मशीन, आजीचा पेलाच ठेव.

मग दुसरी, करड्या रंगाची, छोट्या पंख्याची. तिच्यात पाय दाबल्याबरोबर ताक हळूच माझ्याकडे कललं आणि कललेलंच राहिलं, एक थेंब सांडला नाही. मात्र पट्टी संपत आली तशी ती धापा टाकायला लागली, ताक पुन्हा सपाट. लाल गाडी तिथेच खरी सुटायची. तेव्हापासून दर गाडीला पेला. लोक मोबाइलवर बघतात म्हणे. आमची दूधवालीसुद्धा मला विचारते, अम्मा, इस हफ्ते कौनसी गाडी.

त्या दोघांचं मात्र जमायचं नाही. राणी म्हणायची, करडी घ्यावी, पहिल्यापासून कळतं तरी काय देणार आहे ते. ओमकार म्हणायचा, थांबायची तयारी असेल तर लाल सगळ्यांत जास्त देते. आणि राणी त्याला वेड्यात काढून म्हणायची, थांबायला टाइम किसकू है, हौले? मी पुढे बसून हसायचे. दोन्ही कान उघडे, आणि ऐकलं काय, तर गाड्यांचं भांडण.

आषाढातला एक रविवार आठवतो. आभाळ आलं होतं, पट्टी कोरडी होती. राणी गाडीला टेकून उभी होती. म्हणाली, माझ्या आज्जीने स्थळ आणलंय, पुढच्या आठवड्यात मुलगा बघायला येतोय. ओमकार पुढच्या चाकापाशी उकिडवा बसलेला. त्याने मान वर केली नाही. म्हणाला, बरं. मग म्हणाला, या चाकात हवा कमी आहे. ती तिथेच उभी राहिली ग. पुढे काही येईल म्हणून थांबतं ना माणूस, तशी. मी पेल्यात ताक ओतत होते. मग ती मागे जाऊन बसली, मोबाइल सुरू केला, आणि त्या दिवशी दोन्ही गाड्या पळेपर्यंत कुणी भांडलं नाही. त्यानंतर ती आली नाही. मी समजले, लग्नाची गडबड.

साखरपुड्याहून तुझ्या सिकंदराबादच्या घरून आम्ही परत आलो. मी मेथी निवडायला बसले तर हा शेजारी येऊन बसला, आपणहून. म्हणाला, आजी, राणी खूश दिसत होती ना. मी म्हटलं, हो रे, तोंडावरून तर दिसत होती. म्हणाला, मग चांगलं आहे. आणि निवडत राहिला. बघते तर देठं पातेल्यात आणि पानं कचऱ्यात. मी हातावर हात ठेवला तेव्हा बोलला. म्हणे, प्रत्येक रविवारी सांगणार होतो, परत येताना सांगू म्हणायचो, मग पुढच्या रविवारी. मी विचारलं, त्या दिवशी चाकापाशी का नाही बोललास. म्हणाला, शब्द घशापर्यंत आले होते, तोवर ती जाऊन बसली होती.

दुसऱ्याच्या गाडीत पापणी लवण्याइतका उशीर झाला तरी याला पायाच्या तळव्याला कळतो. काय म्हणू त्याला. आणि आपण दोघी, त्रिवेणी, फोनवर अर्धा अर्धा तास बोलतो, गुडघ्यांचं, लोणच्याचं, सुनांचं. तू मुलगा शोधतेस हे मला माहीत, ओमकार लग्नाचा आहे हे तुला माहीत. भाऊ-बहीण समजूनच बघत राहिलो आपण त्यांच्याकडे, लहानपणी एका ताटात जेवली म्हणून.

तुझी चिठ्ठी मी त्याला वाचून दाखवली. वाटलं, विचार करेल, वेळ मागेल. या खेपेला त्याने क्षणही लावला नाही. लगेच म्हणाला, हो सांग आजी. दुसऱ्या दिवशी गाडी उघडून बसला. मागच्या सीटांना नवं कापड घालतोय, राणीचा शालू अडकू नये म्हणून कडेचे खिळे घासतोय. अंगणात बसून मी बघते आणि मला बघवत नाही.

फोनच केला असता, पण तुझा फोन राणी उचलते आणि स्पीकर लावून तुझ्या हातात देते. म्हणून हे कागदावर, आणि वाचून झालं की चुलीत घाल, गॅसवर जाळलंस तरी चालेल. कान पिळायला तुझ्या माहेरचं कुणी बघ. वरातीला दुसरी गाडी सांग. तू नको म्हणालीस तर त्याची सुटका होईल, तो स्वतःहून कधी नाही म्हणायचा नाही. तो पुढे बसेल, आणि आरशात सगळा रस्ता ती दोघं दिसतील, एवढं त्याच्याकडून नको ग घेऊस. मी येईन, हळदीपासून येईन, मुलगाही मला आवडला आहे, राणीला पोटभर आशीर्वाद देईन. तिला यातलं अक्षर कळू देऊ नकोस. तिने विचारलंच, ओमकार का नाही आला, तर सांग, त्याला काम निघालं. तिला खरं वाटेल. एवढ्या रविवारी तिने त्याचं कामच तर बघितलंय.

तुझीच,
चिंचेखालची गंगू