दोबारा दान

प्रिय मिहिका,

एकाच घरात राहून आजोबा नातीला पत्र लिहितो, याचं तुला हसू येईल. आलं तर बरंच. तुम्ही सगळे खोर फक्कानला समुद्रावर गेला आहात आणि मी गुडघ्याचं निमित्त सांगून मागे राहिलोय. गुडघा ठणठणीत आहे. जोडाक्षरं अडली तर सावकाश वाच, शारजाच्या याच बाल्कनीत माझ्या शाळेतल्या कवितांवर बोट ठेवत शिकलीस, तशी.

आज आपल्या सहलीचे फोटो पुन्हा पाहत बसलो. नागेशनं, तुझ्या बाबानं, 'इस्त्रिया' म्हटलं तेव्हा मला आधी कपड्यांची इस्त्रीच आठवली होती. मग तू नकाशा दाखवलास. क्रोएशियाचं ते टोक, तीन बाजूंनी निळं. मी वर्गात हात वर केल्यासारखा ओरडलो, 'द्वीपकल्प!' तू तो शब्द दिवसभर चिंचेच्या गोळीसारखा तोंडात घोळवलास.

किती हिंडलो गं! पुला गावातलं रोमन लोकांचं ते बिनछपराचं रंगमंदिर, त्याच्या कमानींतून दिसणारा समुद्र. टेकडीच्या माथ्यावर बसलेलं मोतोवुन, खाली धुक्यात बुडालेले द्राक्षांचे मळे. आणि ती लाल माती! आपल्या गुहागरची माती इथे कुणी आणून टाकली म्हणून मी गाडी थांबवायला लावली, मूठभर हातात घेतली आणि कविता सुरू केली. तुझी आई म्हणाली, "आबा, यल्ला, चला लवकर, पार्किंगची वेळ संपेल." तू मात्र शेवटच्या ओळीपर्यंत उभी राहिलीस आणि विचारलंस, "व्हॉट्स तिन्हीसांज, आबा?"

आणि ते 'दोबार दान'! तिथला नमस्कार. मी बेकरीवाल्यापासून चर्चमधल्या फादरपर्यंत सगळ्यांना हात जोडून 'दोबारा दान, दोबारा दान' म्हणत सुटलो, जणू गणपतीची वर्गणी दुसऱ्यांदा मागायला आलोय. तू एकदाही हसली नाहीस. कानाशी येऊन हळूच म्हणायचीस, "दोबार, आबा, दोबार." कुणाला ऐकूसुद्धा जायचं नाही.

मग रोविन गावातली ती संध्याकाळ. घरांचे पाय पाण्यात, बंदरात कंदील लावलेल्या लाकडी होड्या. शेजारच्या टेबलावर पुण्याची मंडळी निघाली. मराठी कानावर पडताच मी खुर्चीच तिकडे वळवली. माझा वाढदिवस आहे हे कळल्यावर त्यातल्या एक काकू तुला म्हणाल्या, "काय गं, मराठी येतं का? आजोबांसाठी दोन शब्द बोल की!" घरातही इंग्रजीत उत्तर देणारी तू, चक्क उभी राहिलीस. होड्यांमधल्या कंदिलांकडे पाहत म्हणालीस, "माझ्या आबांनी आमच्या घरात खूप दिवे लावले."

सगळं टेबल खदखदून हसलं. मराठीत 'दिवे लावले' हे घोळ घालणाऱ्याला टोमणा मारताना म्हणतात, तुला ते कुठून ठाऊक असणार? ती माणसं परकी होती, हसली. पण सगळ्यात मोठ्यानं हसलो तो मी. वर म्हणालो, "ऐकलंत? वाळवंटात पिकलेलं मराठी हे असं!" टाळ्या मिळाल्या. तू "सॉरी" म्हणून खाली बसलीस.

तेव्हापासून "फाइन, आबा", "नथिंग, आबा". परवा मी कविता म्हणू लागलो आणि तू तुझ्या खोलीचं दार ओढून घेतलंस. आपटलं असतंस तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्यांच्या ओळी मी जन्मभर जपल्या गं, आणि तू जुळवलेली पहिली ओळ चार अनोळखी माणसांच्या टाळ्यांसाठी उधळून टाकली. तुझं वाक्य चुकलं नव्हतं. त्या संध्याकाळी आबांनी खरोखरच दिवे लावले, मराठीत म्हणतात तसे. आता अर्थ कळलाय, तर मला खुशाल हस, अगदी चारचौघांत. हे तोंडानं सांगायला गेलो की तुझा तो खाली गेलेला चेहरा समोर येतो, म्हणून हे पत्र. काकूंनी दोन शब्द मागितले होते, तुझं एकच वाक्य झालं. दुसरं वाक्य काय होतं? चुकलं तर चुकू दे. कानाशी येऊन हळूच सांगितलंस तरी चालेल. दोबारा दान, मिहिका.

तुझाच,
आबा