मंगळवार-गुरुवारचं पोहणं

प्रिय छकुली,

तुला या वयात कुणी छकुली म्हटलेलं आवडत नाही, हे मला ठाऊक आहे. एकदा तुझ्या लॅबमधल्या पोरींना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने मी फोनवर म्हणालो होतो, तर तू आठवडाभर फुगून बसली होतीस. तरी आज मुद्दाम म्हणतोय. ज्याला बोलणी खायची असतात तो आधी लाडीगोडी लावतोच. एकाच घरात राहून बापाने लेकीला पत्र लिहावं हेही तुला विचित्र वाटेल. पण मी काही सांगायला आलो की तू म्हणतेस, "बाबा, दोन मिनिटं थांबा हं," आणि मग ते राहूनच जातं. हे मी तुझ्यावर ढकलत नाहीये. खरं सांगायचं तर तू थांबा म्हणालीस की मला सुटल्यासारखं वाटायचं. आज नाही सांगावं लागलं, उद्या बघू, असं करत करत मी इथवर आलोय.

आत्ता दुपार आहे आणि घरात कुणी नाही. जावईबापू जेवायला आले होते, ते जेवण अर्धवट टाकून कुठल्याशा इमारतीत बंद पडलेली लिफ्ट चालू करायला गेलेत. तुझ्या थोरल्या बाईसाहेब शाळेतून परस्पर व्हायोलिनला जाणार आहेत. टिल्लू शाळेत आहे. मी स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसलोय आणि समोर फ्रीजवर तुझा तो आठवड्याचा तक्ता आहे. बाईसाहेबांचा लाल, टिल्लूचा निळा, तुझा हिरवा, जावईबापूंचा पिवळा. लाल रंगाची नुसती गर्दी आहे: पोहणं, नाच, व्हायोलिन, गणिताची शिकवणी. रविवारी सकाळीसुद्धा पोरीला श्वास घ्यायला जागा नाही. आणि माझा करडा. करडाच का, हे मी कधी विचारलं नाही, पेन तोच उरला असणार. आठवड्यात माझे चौकोन दोनच, मंगळवार आणि गुरुवार, शाळा सुटल्यावर टिल्लूला पोहायला नेणे-आणणे.

तुझी आई गेल्यावर मी इथे राहायला आलो तेव्हा तू म्हणाली होतीस, बाबा, तुम्ही आता फक्त आराम करा. तू मनापासून म्हणालीस, पण आराम हे काम मला कधी जमलं नाही. उभी हयात बस चालवली. कोण कुठे चढतं, कोण कुठे उतरतं, थांब्यावरची नेहमीची म्हातारी दिसली नाही तर दोन क्षण थांबायचं, हे माझ्या अंगात भिनलेलं. इथे सगळे मला वळसा घालून धावत होते. कुणी वाईट वागत नव्हतं, जेवलात का, औषध घेतलंत का, सगळं विचारत होते, पण चप्पल पायात सरकवता सरकवता. मग तुझी ड्यूटी बदलली आणि टिल्लूला न्यायला माणूस हवा झाला. तू तक्त्यावर करडे चौकोन भरलेस त्या दिवशी मी ड्यूटीवरचा जुना पट्टा शोधून काढला आणि बूट चकाचक केले. तू हसलीस. मला मात्र परत कामावर घेतल्यासारखं वाटलं होतं.

पहिले काही दिवस सगळं नीट चाललं. टिल्लू उथळ भागात, कठड्याला धरून पाय मारायचा. मी वर गॅलरीत बसायचो. तिथे काचेमागे इतकं उबट असतं की बसल्या बसल्या डुलकी लागते, आणि बाकीचे पालक आपापल्या फोनमध्ये. एका गुरुवारी त्या शिट्टीवाल्या सरांनी त्याला हातातली फळी धरून जरा पुढे नेलं आणि मधेच फळी काढून घेतली. सगळ्यांची काढतात, तसंच शिकवतात म्हणे. बाकीची पोरं हातपाय मारत कडेला आली. टिल्लू खाली गेला. सरांनी लगेच उचलला त्याला, चूक त्यांची म्हणत नाही. पण वर आल्यावर त्याचा चेहरा मी काचेतून पाहिला. तो रडत नव्हता. तो गॅलरीकडे बघत होता, मी आहे का ते.

पुढच्या मंगळवारी कपडे बदलायच्या खोलीत तो भिंतीच्या खुंटीला दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. शर्टाचं एक बटण काढेना. मी समजावलं, बिस्किटांची लालूच दाखवली, जरा दमही दिला. शेवटी तो एवढंच म्हणाला, "आजोबा, पोटात दुखतंय, पण खरं नाही दुखत." असं खरं बोलणाऱ्या पोराला काय म्हणायचं? म्हटलं, चल, आज सुट्टी. एकच दिवस.

पूलच्या समोर बसचा थांबा आहे. तासभर वेळ होता. आम्ही पहिली आली त्या बसमध्ये चढलो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत जाऊन त्याच बसने परत आलो. ड्रायव्हर निघाला माझ्या हाताखाली शिकलेला. त्याने टिल्लूला पुढच्या सीटवर बसवलं, दारं उघडायचं बटण दाबू दिलं. वळणावर मागचं चाक कसं आत येतं, आरशात काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे मी त्याला सांगत होतो आणि तो प्रश्नावर प्रश्न विचारत होता. घरी जो मुलगा "हो" आणि "नाही" यापलीकडे बोलत नाही म्हणून तू काळजी करतेस, त्याची टकळी त्या तासात थांबली नाही.

आता यातून काय झालं असेल ते तुझ्या ध्यानात आलं असेल. त्यानंतर टिल्लू पाण्यात उतरलेलाच नाही. एकदाही नाही. सरांना मी सांगितलं की तब्येत नरम आहे, बरं वाटलं की आणतो. तुला दर वेळी ओला टॉवेल मिळत होता तो मी भिजवत होतो. परत आल्यावर पूलच्या दाराशी पाय धुवायचा जो छोटा हौद आहे ना, त्यात टॉवेल आणि चड्डी बुडवायची. नळाचं पाणी चालत नाही. पहिल्या दिवशी तू टॉवेल हुंगून म्हणाली होतीस, औषधाचा वास कसा नाही आज? त्या दिवसापासून हौद. चेहऱ्यावर चष्म्याचे वळ उठावेत म्हणून टिल्लू बसमध्ये शेवटचे चार थांबे तो पोहायचा चष्मा घट्ट लावून बसायचा. ही कल्पना त्याची. लोक बघायचे आमच्याकडे. आम्ही दोघं हसून हसून बेजार व्हायचो. तेव्हा मला त्याचं कौतुकच वाटलं, किती हुशार आहे म्हणून. आता आठवलं की माझीच लाज वाटते. पोराला मी खोटं बोलायला शिकवत होतो आणि तो पहिल्या नंबराने पास होत होता.

आणि मग तू जेवताना विचारायचीस, काय बाबा, कुठवर आली गाडी? मी पहिल्यांदा म्हणालो, पाय छान मारतो. मग म्हणालो, फळी सुटली. मग अर्धा पूल. मग एका बाजूने दुसऱ्या बाजूला, न थांबता. जेवणाच्या टेबलावर बसून मी त्याला पोहायला शिकवलं, छकुली. तुझा चेहरा असा काही उजळायचा की मी हात आवरता घेऊच शकलो नाही. तुला तुझ्या लहानपणी पोहायचं होतं. तुझ्या वर्गातल्या सगळ्या जायच्या. मी म्हणायचो पुढच्या सुट्टीत, आणि सुट्टीत मी जास्तीच्या फेऱ्या घ्यायचो. अजूनही कुठे गेलो की तू पाण्यात पाय सोडून काठावर बसतेस आणि बाकीच्यांच्या पिशव्या सांभाळतेस. ते मी बघतो. म्हणूनच मुलांना पोहता आलंच पाहिजे हा तुझा हट्ट, हेही मला कळतं. सगळं कळून मी तुला हे असं फसवलं.

मी पोराच्या भीतीपोटी केलं, असं म्हणून सुटता आलं असतं. बरेच दिवस मी स्वतःला तेच सांगत होतो. पण तसं असतं तर मी दुसऱ्याच दिवशी तुला सांगितलं असतं. तू काही राक्षस नाहीस. तू सरांशी बोलली असतीस, दुसरा वर्ग बघितला असतास, एखाद्या बाईंकडे घातलं असतंस. तो कदाचित आतापर्यंत शिकलाही असता. मी गप्प बसलो कारण मला आठवड्याचे ते दोन तास हवे होते. कुणीतरी माझ्याशी बोलत होतं, माझं ऐकत होतं, मंगळवारची वाट बघत होतं. तुला सांगितलं असतं तर तू तक्त्यावरचा करडा रंग पुसून तिथे दुसरं काहीतरी भरलं असतंस, आणि तेही रागाने नाही, घाईत. त्या भीतीपुढे टिल्लूची भीती लहान होती. मला माझी सोय बघायची होती, आणि मी ती त्याच्या जिवावर बघितली.

आता शनिवारचं. शाळेची सहल त्या मोठ्या तळ्यावर जातेय. त्याच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला तेव्हा मी तिथेच भाजी निवडत बसलो होतो. तू म्हणालीस, हो हो, आमच्याकडे दोघांनाही उत्तम पोहता येतं. फोन ठेवून तू माझ्या खांद्यावर हात ठेवलास आणि म्हणालीस, "बाबा, हे सगळं तुमच्यामुळे." त्या क्षणी मी बोलायला हवं होतं. माझ्या हातातली शेंग तशीच राहिली आणि तू कपाट उघडून त्याची मोठी पिशवी शोधायला लागलीस. पोहता येणाऱ्या मुलांना तिथे बोटीतून मधल्या तराफ्यावर नेतात आणि तिथून उड्या मारून काठाकडे पोहत यायला सांगतात. न येणाऱ्यांना जॅकेट घालून काठाजवळच ठेवतात. हे सगळं मी नंतर विचारून घेतलं. आज सकाळी तुम्ही सगळे गेल्यावर शाळेत फोन केला आणि म्हटलं, बाई, आमच्या मुलाला पोहता येत नाही, त्याला काठावर ठेवा. त्या हसल्या. म्हणाल्या, आजी-आजोबांना काळजी वाटतेच, पण आईने स्वतः सांगितलंय, बदल करायचा तर आईवडिलांनीच कळवायला हवं. बरोबरच आहे त्यांचं.

तरीही कदाचित मी हे पत्र लिहिलं नसतं. पोटदुखीचं निमित्त करून शनिवारी त्याला घरी ठेवू, नाहीतर मीच आजारी पडू, असले बेत काल दुपारपर्यंत डोक्यात चालले होते. काल मंगळवार. बसमध्ये टिल्लू गप्प होता. दारांचं बटणही दाबायला उठला नाही. शेवटच्या थांब्यावर बस रिकामी झाली तेव्हा माझ्याजवळ सरकून म्हणाला, "आजोबा, तू आईला सांगू नकोस हां. ती तुला खूप ओरडेल. मी मारीन उडी. नाक धरून मारतात, मी बघितलंय. मग कुणीतरी वर काढतंच." माझा हात हातात घेऊन तो मला धीर देत होता, आणि त्याचा स्वतःचा हात गार पडला होता. तो खरंच उडी मारेल, छकुली. मी त्याला ओळखतो. म्हणून संध्याकाळी तू दारातून आत आलीस की पिशवी खाली ठेवायच्या आधी हे पत्र तुझ्या हातात देणार आहे आणि तू वाचून होईपर्यंत समोर उभा राहणार आहे. आधी शाळेला फोन कर. मग मला काय बोलायचं ते बोल, मी एक शब्द उलटून बोलणार नाही. आणि त्याला जवळ घेऊन एवढं सांग की आजोबांना वाचवणं हे त्याचं काम नव्हतं.

तुझाच,
बाबा