औंढ्यात दोनदा जेवण

सोमवार, २० जानेवारी २००३

साखऱ्याचे पाहुणे येऊन गेले. मीरा पसंत. सुपारी फुटली. लग्न ९ मार्चला, आपल्याच दारात.

निघताना मुलाच्या वडिलांनी विचारलं, कन्यादानाला कोण बसणार? मी तोंड उघडायच्या आत नाना म्हणाले, चुलते आहेत की, भिंतीला भिंत लागून घर आहे. पाहुणे म्हणाले, मग आज दिसले नाहीत? नानांनी सांगितलं, जीपला भाडं लागलंय. धडधडीत खोटं. जीप बाहेरच उभी होती. पाहुण्यांनी तिच्याच सावलीत चपला काढल्या होत्या.

नाना, माझा थोरला भाऊ, खोटं बोलला की कानाची पाळी चोळतो. पाहुण्यांना ते माहीत नाही, एवढंच बरं.

शुक्रवार, २४ जाने.

झोप नीट नाही. डोक्यात तेच ते फिरून राहिलंय, म्हणून लिहून मोकळी होते.

हे गेले त्या वेळी मी मीराला घेऊन पंचमीला माहेरी होते. शेतात छातीत कळ आली. दत्तरावांची, ह्यांच्या धाकट्या भावाची, जीप दारात उभी होती आणि ह्यांना बैलगाडीतून नेलं. औंढ्याचा दवाखाना यायच्या आधीच संपलं. मला हे सांगणारे एक नाही, गावातले पाच-सहा जण होते. जीप उभी होती म्हणून सगळ्यांनी सांगितलं. काहून उभी होती, बैलगाडी कुणी हाकली, ते कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला विचारलं नाही. मला कळलेलंच होतं. सासऱ्यांच्या हातची मेंढरं न विचारता विकून दत्तरावांनी ती गाडी घेतली, तेव्हापासून दोघे भाऊ बोलत नव्हते.

दहाव्याला सगळ्यांसमोर मी म्हणाले, तुमच्या घरचं पाणी मला वर्ज्य.

साडेपाच वर्षं झाली. विरजणसुद्धा त्या घरून घेतलं नाही. दत्तरावांच्या बायकोनं, सुमननं, पहिल्या वर्षी संक्रांतीला पोळ्या पाठवल्या, त्या झाकणासकट परत केल्या.

आता बाप नसलेल्या पोरीचं कन्यादान चुलता-चुलतीनं करायचं. विधवा बाईनं बसायचं नाही. आणि चुलता तो एकच.

रविवार, २ फेब्रु.

नाना मधल्या भिंतीच्या अलीकडून पलीकडं असे दोन दिवस करताहेत. द. चं म्हणणं, वहिनींनी स्वतः बोलावं. मी त्यांच्या घरात जाणार नाही. बोलावल्याशिवाय ते इकडं येणार नाहीत. बोलवायला माझी जीभ उचलत नाही.

नानांनी शेवटी तोड काढली. औंढ्याला दर्शनाला म्हणून जायचं आणि देवळामागं गोदाबाईच्या खानावळीत जेवायचं. "ते कुणाचंच घर न्हाई. तिथं तुला कुणाचं पाणी लागत न्हाई."

त्या खानावळीत ह्यांच्यासोबत मी एकदाच जेवले. लग्न नवीन होतं. मी लाजून खाईना, तर हे उठून बाहेर जाऊन उभे राहिले, मी जेवीपर्यंत.

सोमवार, १० फेब्रु.

गेले. आले.

आम्ही भाड्याच्या काळीपिवळीनं, ते त्यांच्या जीपनं. एका गावातून एकाच वेळी निघून दोन गाड्या. देवळाच्या रांगेत ते पुढं, आम्ही मागं, मध्ये आंध्रातल्या बायकांचा घोळका. त्या बायकांचे उपकार.

खानावळ तशीच आहे. चार टेबलं, सारवलेल्या भिंती, चूल जेवणाऱ्यांच्या समोरच. बाहेर बोळात गार वारं होतं, आत ऊब आणि भाकरीचा वास. एरवी बसल्या बसल्या बरं वाटलं असतं. आम्हाला चुलीजवळचं टेबल दिलं. सुमननं तांब्यातलं पाणी पेल्यांत ओतलं. माझ्या पेल्याशी हात थांबला. नाना म्हणाले, खानावळीचं आहे. मग ओतलं.

ताटं आली. ज्वारीची भाकरी, येसर आमटी, भरलं वांगं, ठेचा. कुणीच हात घालेना. शेवटी गोदाबाईच थापता थापता म्हणाली, "भांडायचं आसंल तर जेवून भांडा. भरल्या पोटी आवाज चांगला निघतो." सुमनला हसू आलं, तिनं पदर तोंडावर धरला. मलाही आलं असतं.

नानांनी विषय काढला. द. नी ऐकून घेतलं. मग नानांकडं नाही, माझ्याकडं बघून बोलले. साडेपाच वर्षांत पहिल्यांदा.

"कन्यादानात मीराच्या हातावर पानी सोडायचं आसतं, वहिनी. ज्याच्या घरचं पानी तुमाला चालत न्हाई, त्याच्या हातचं पानी लेकीच्या हातावर कसं चालंल? आधी माझ्या घरी या. घोटभर पानी प्या. मंग मी बसतो."

मी म्हणाले, "जीप दारात उभी होती."

शेजारच्या टेबलावर आंध्रातले लोक खुणा करून पुन्हा भात मागत होते. गोदाबाईचा नवरा त्यांच्याशी हिंदीत बोलत होता. द. ते संपायची वाट बघत राहिले. मग ताटाकडं बघत म्हणाले,

"जीप घेऊन म्या बांधापोतर गेलो व्हतो. दादा झाडाखाली पडलेला. मला बघून उठून बसला. म्हणला, मेंढरं विकून घेतलेल्या गाडीत मी बसनार न्हाई. लई इनवलं. न्हाईच बसला. मंग जीप घरी आनून लावली आन बैलगाडी जुपली. गाडी म्याच हाकली, वहिनी."

मी विचारलं, आजवर काहून बोलला नाहीत.

"काय बोलू? दादा हट्टापायी मेला म्हनू? त्यापरीस तुमी मला शिव्या दिल्या ते बरं व्हतं."

मी अर्धी भाकरी खाल्ली, चव कळली नाही. द. पैसे द्यायला उठले तर कळलं की नानांनी बसायच्या आधीच देऊन ठेवले होते. माझ्यासाठीच. ते अन्न द. च्या पैशाचं होऊ नये म्हणून. द. परत टेबलाशी आले.

"आमच्या पैशाची भाकरबी चालंना व्हय?"

नाना म्हणाले, तसं नाही हो दत्तराव. आणि कानाची पाळी चोळली.

मंगळवार, ११ फेब्रु.

खरं असेल का. मेलेल्या माणसाच्या तोंडी काहीही घालता येतं. साक्षीला कोण? झाड.

पण बोलणं ह्यांचंच आहे. शब्दन् शब्द ह्यांचा. आमच्या लग्नात रुसलेल्या मामाच्या घरचा आहेर ह्यांनी शेवटपर्यंत वापरला नाही. ट्रंकेत अजून घडी तशीच आहे.

पुस्तकात कुणी खोटं बोललं तर चार पानांनी समजतं. गावच्या शाळेतल्या मास्तरांच्या कपाटातली इतकी पुस्तकं वाचली, त्यावरून वाटायचं की माणसं आता मला कळतात.

शुक्रवार, १४ फेब्रु.

मीराला सगळं सांगितलं. ती साडीला फॉल लावत बसली होती, मान वर केली नाही. म्हणाली, मला काकाच पाहिजेत.

मी म्हणाले, तुझ्या बापाला...

"आई, मी काकूकडं जेवते. शाळेत होते तेव्हापासून. तू रानात गेली की जाते."

मला माहीत होतं. तिच्या हाताला सुमनच्या लसणाच्या चटणीचा वास यायचा. माझ्या चटणीत लसूण कमी असतो. मी कधी विचारलं नाही, तिनं कधी सांगितलं नाही. पण आज तिनं उघड बोलून टाकलं तेव्हा राहवलं नाही. मी म्हणाले, बापाच्या मरणापेक्षा तुला चटणी मोठी. हे म्हणायला नको होतं.

ती म्हणाली, "तुला पाणी प्यायचं नसलं तर नको पिऊस. पण मग काका नाही म्हणाले तर माझं कन्यादान कोण करतं ते तू सांग. मांडवात उभी मी राहणार आहे, सगळ्यांसमोर."

आज दोघी जेवलो नाही.

बुधवार, १९ फेब्रु.

साखऱ्याहून निरोप. कन्यादानाला बसणाऱ्या जोडीचे कपडे त्यांच्याकडून येणार, तर माप कळवा. नाना विचारतात काय कळवू. मी म्हणाले, थांबा. किती थांबू, ते विचारतात.

आडावर शांताबाईनं ऐकवलं, बाई, तुमी आता हाटेलात जेवता म्हनं, मज्जा आहे. मी म्हणाले, व्हय, देवाच्या गावात जेवते, तू पण चल, भाकरी चांगली असते. ती घागर उचलून गेली.

दिवसभर एकच गोष्ट डोक्यात. हे नाही बसले, ठीक. हट्ट केला, ठीक. पण कळ आलेल्या माणसाला उचलून जीपमध्ये घालता आलं नसतं? द. अंगापिंडानं ह्यांच्या दुप्पट.

शनिवार, १ मार्च. महाशिवरात्र

औंढ्याच्या यात्रेला सगळं गाव गेलं. द. ची जीप सकाळपासून माणसं भरून जाते, येते. मी घरीच. देवळात गेले असते तर काय मागितलं असतं ते ठरत नाही.

संध्याकाळी सुमन अंगणात एकटी दिसली. भिंतीवरून मी म्हणाले, परवा औंढ्याला याल का, तुम्ही दोघं. नानांना आणणार नाही. ती म्हणाली, "विचारते, ताई." मला ताई म्हणाली.

सोमवार, ३ मार्च

यात्रा उठल्यामुळं बोळात नारळाच्या शेंड्या आणि चिखल. खानावळीत आम्ही तिघंच. गोदाबाईनं ओळखलं. "आज पंच न्हाई आनला?" म्हणाली.

ताटं यायच्या आधीच विचारलं, उगीच लांबण लावलं नाही.

"उचलून काहून घातलं न्हाई, भावजी?"

द. नी लगेच उत्तर दिलं असतं तर मी उठून आले असते. ते हाताचा पंजा टेबलावर उलटा, सुलटा करत राहिले. सुमन म्हणाली, सांगा आता. तेव्हा बोलले.

"दादाला उचलायची माझी छाती झाली न्हाई, वहिनी. ल्हानपनापासून त्यो म्हणंल तसंच केलं. एक गाडी सोडली तर. आन मला वाटलं, पोचू. बैलं चांगली व्हती. सारख्या हाका मारून राहिलो व्हतो दादाला, मागं न बघता. त्यो व्हय म्हणायचा. मंग म्हणायचा राहिला, तरी म्या मागं बघितलं न्हाई."

गोदाबाईनं चुलीत लाकूड सारलं.

हे खोटं नाही. हे कुणी बनवून सांगत नाही.

पण खरं आहे म्हणून माझा राग गेला असंही नाही. तो तिथंच आहे, फक्त आता त्यात हेही आहेत. ह्यांच्यावर रागावायची मला सवय नाही. साडेपाच वर्षं जे एका माणसावर टाकलं ते आता कुठं ठेवू?

मी द. ना म्हणाले, तुमच्या उंबऱ्याच्या आत यायला माझं पाऊल उचलणार नाही. येईन असं खोटं सांगत नाही. पण आजच्या जेवणाचे पैसे तुम्ही द्या. मी पोटभर जेवते.

ते म्हणाले, "हे घर न्हाई, वहिनी. माझी अट घरची व्हती."

"घर नाही म्हणून तर आले. मला इतकंच जमतंय, भावजी."

भाकरी आली. मी जेवले. दुसरी मागितली. तीही खाल्ली, आमटी दोनदा घेतली. सुमन माझ्याकडं बघून बघून जेवत होती. द. नी स्वतःच्या ताटातलं वांगं तेवढं उकरलं. मग उठले, पैसे दिले, आणि बोळातून जीपकडं गेले. सुमननं मला विचारलं, चला ना, जागा आहे. मी काळीपिवळीनं आले.

ते पैसे देऊन गेले, हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत.

गुरुवार, ६ मार्च

नानांनी साखऱ्याला माप कळवून टाकलं. द. च्या अंगाचं, अंदाजानं. मला न विचारता. मी रागावले नाही.

मीरा आज माझ्याशी धड बोलली. विचारलं, गोदाबाईकडं काय काय होतं जेवायला. सगळं सांगितलं. म्हणाली, मला का नाही नेलंस. पुढच्या वेळी, मी म्हणाले. पुढच्या वेळी ती साखऱ्याची असेल.

शनिवार, ८ मार्च

हळद लागली. सुमन सकाळी आली, बायकांत बसून मीराला हळद लावली, गाणी म्हटली. जाताना मी दारापर्यंत गेले. विचारलं, भावजी काय म्हणतात? "कायबी म्हणत न्हाईत, ताई. बोलतच न्हाईत. कपडे आलेत साखऱ्याचे, ते बघून ठेवले, घातले न्हाईत."

भटजी सांजेला येऊन मांडव बघून गेले. कन्यादानाची जोडी विचारली. मी म्हणाले, चुलता-चुलती बसतील. आणि नाही बसले तर मी बसेन.

भटजी म्हणाले, तुम्हाला कसं बसता येईल बाई. नाना म्हणाले, अगं लोक काय म्हणतील. मीरा हळदीच्या अंगानं दारात उभी होती. तिनं आत जाऊन माझं चांगलं पातळ काढून दांडीवर टाकलं.

भटजी म्हणाले, बघू.

मी म्हणाले, बघायचं तुम्ही. बसायचं मला.

मुहूर्त सकाळचा. पाट दोन मांडले आहेत.