एका दमाची ओळ

कळंबोली, नवी मुंबई

तीर्थरूप आबा,
पायांवर डोकं ठेवतो.

मी मजेत आहे. आमच्या बँडला रोज एक तरी लग्न असतंच. जेवणही तिथलंच, त्यामुळे वजन वाढलंय. कपिला व्याली का? गव्हाची मळणी उरकली का?

परवा तब्येत विचारली, तर तुम्ही फोन बाजूला ठेवून ट्रम्पेटवर वरातीची चाल वाजवलीत. "ऐकलंस? ठणठणीत आहे मी," म्हणालात. आबा, ती पहिली ओळ एका दमात वाजवायला तुम्हीच मला शिकवलंत. परवा तुम्ही तिच्यात तीनदा दम घेतलात.

मळणीची धूळ नाकातोंडात गेली असेल, असं म्हणू नका. पत्र मिळताच आईला घेऊन तालुक्याच्या डॉक्टरला छाती दाखवा.

हे फोनवर बोललो नाही. बोललो असतो, तर तुम्ही पुन्हा वाजवून दाखवलं असतं.

तुमच्याच हाताखाली शिकलेला,
विलास