बुजवलेला चर आणि खालचे शेत

मी, तर्कशास्त्राची निवृत्त अध्यापिका, वय एक्क्याऐंशी, ही माझ्या मालमत्तेची अखेरची व्यवस्था कोणाच्याही दडपणाशिवाय स्वहस्ते लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. शंका असल्यास साक्षीदार डॉक्टरांना विचारावे. मी संतापलेली आहे, हेही नमूद करते. संताप म्हणजे बुद्धिभ्रंश नव्हे.

१. राहते घर धाकट्या लेकीला.

२. वरचे शेत थोरल्या मुलाला. तिथे मुळातच उतार आहे. मालकाची अक्कल कमी पडली तरी पाणी आपोआप निघून जाते.

३. खालचे शेतही धाकटीला. याचे कारण देणे भाग आहे. निचऱ्यासाठी माझ्या यजमानांनी ओढ्यापर्यंत चर खोदला होता. ते गेल्यावर थोरल्याने तो बुजवला. म्हणे, "आई, विकतचं पाणी ओढ्यात का सोडायचं?" कालव्याच्या पाण्यात थोडे मीठ असतेच. पाणी उडून जाते, मीठ मागे राहते. ते चरातून वाहून जात असे. चर बुजताच जमिनीखालचे पाणी वर चढले आणि मीठही वर घेऊन आले. आधी घेवडा गेला, मग मक्याच्या पानांच्या कडा करपल्या.

"पीक तहानलंय गं, दिसत नाही का तुला?"

"दिसतंय. मुळाशी मीठ साचलंय, म्हणून पाण्यात उभं राहून तहानलंय. अजून पाजशील तर मारशील."

"तुझं तर्कशास्त्र फळ्यावरच शोभतं!"

आणि त्याने पंप सुरू केला. आज तिथे पांढरा पापुद्रा आहे. माझे विधान सिद्ध झाले, शेत गेले. असला विजय मी मागितला नव्हता.

४. पंप थोरल्याला द्यावा. पाइप धाकटीला.

५. यजमानांची कुदळ धाकटीला. तिने आधी चर उघडावा, मग गोडे पाणी भरून मीठ धुवावे, त्यानंतरच सातू पेरावा. तो खारटपणा सोसतो. हा क्रम उलटा केल्यास ती आपल्या भावाचीच बहीण ठरेल.

६. माझ्यामागे थोरल्याला रडू आल्यास त्याने वरच्या बांधावर बसून रडावे. खालच्या शेतात आणखी खारे पाणी नको.

साक्षीदार: घरचे डॉक्टर (सही), शेजारची शिंपीण (सही)
ठिकाण: स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: चर बुजवल्याचे चौथे वर्ष, पेरणीचा पहिला दिवस. पेरणी झाली नाही.
लिहिणारीची सही