लबाडाच्या नोंदी

१४ सप्टेंबर

चि. मनू,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे. गुडघे कुरकुरतात, पण त्यांचं ऐकत बसले तर चहा कोण करणार? मागच्या खोलीचं दार फुगलंय, लागत नाही.

तुझ्या संशोधन केंद्राचं पत्र आलं. बाबांच्या फुलपाखराच्या तेवीस वर्षांच्या नोंदी तुम्ही छापणार म्हणे. वह्या बांधून ठेवल्यात. पण त्याआधी एक सांगायचंय. चार दिवस लिहितेय नि फाडतेय.

बाबा त्या फुलपाखराला लबाड म्हणायचे. पंख मिटले की वाळकं पान, मधल्या शिरेसकट; उघडले की निळंभोर. फुलांकडे ढुंकून बघत नाही, सडक्या फळांवर मात्र तुटून पडतो. बाबांची नजर गेल्यावर कुंपणाच्या भिंतीवर केळी मीच ठेवायचे. ते खुर्चीतून विचारायचे, "आला का गं लबाड?" मी बघून सांगायचे नि वहीत लिहायचे.

मनू, शेवटची दोन वर्षं तो आलाच नव्हता.

पहिल्यांदा आठवडाभर "नाही" म्हटलं, तर जेवण टाकलं त्यांनी. मग एका सकाळी म्हटलं, "आला." पुढे रोजच, निळ्या पंखांच्या वर्णनासकट.

तू सुट्टीत आलीस नि म्हणालीस, रस्त्यासाठी खालची झुडपं तोडलीत, तो आता इथे नसणार. मादी वर झाडावर अंडी घालते, अळी धाग्याला लोंबकळत झुडपावर उतरते. झुडूपच नाही तर उतरेल कुठे? पुस्तकातलं हे मीच त्यांना वाचून दाखवलं होतं. तरी तुझ्यावर ओरडले, "चार बुकं शिकलीस म्हणून बापाला खोटं पाडतेस?" तू बॅग उचललीस. मी भांडी घासत राहिले.

ते गेल्याचंही तुला एक दिवस उशिरा कळवलं. फोन लागत नव्हता हे खोटं. तू समोर उभी राहिलीस तर सगळं तोंडातून निघेल, ही भीती होती.

वहीतली त्या दोन वर्षांची पानं दुमडून ठेवलीत. खोडायला बसले, हात चालला नाही. तू खोड. खाली लिही, या नोंदी बायकोने खोट्या केल्या, त्यांना काही ठाऊक नव्हतं.

शेवटच्या महिन्यात एकदा म्हणाले होते, "तू सांगतेस तेवढा निळा नसतो गं तो." आणि माझा हात धरून बसले होते. ते मात्र लिहू नकोस.

तू खरं बोलत होतीस तेव्हा गप्प बसलेली,
तुझी आई